घाटावरची वाइन, घाटाखालचा मोह: चव कशी घ्यायची आणि सोबत काय खायचं?

ठाणे जिल्ह्याच्या नकाशात शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके पूर्वेच्या टोकाला सह्याद्रीला टेकून बसलेत. शहापूरमधून कसारा घाट चढला की इगतपुरी आणि पुढे नाशिक लागतं. मुरबाडमधून माळशेज घाट चढला की जुन्नर आणि पुढे नारायणगाव. दोन्ही घाटांच्या माथ्यापलीकडे द्राक्षं आहेत, आणि त्यातली बरीच फ्रेंच जातीची. भारतातली लाल वाइन मोठ्या प्रमाणात याच पट्ट्यात तयार होते.

घाटाच्या खाली मात्र द्राक्षाची वेल दिसत नाही. इथे भात, नागली, वरई आणि भातानंतरचे वाल पिकतात. भातसा, तानसा, मोडक सागर ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं याच भागात आहेत, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर फिरतो. रानात मोह आहे. त्याच्या फुलांपासून गाळलेली दारू या भागातल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली समाजांच्या ओळखीची आहे.

एक पेय चाखण्यासाठी लोक पैसे भरून नाशिकला टूरवर जातात. दुसऱ्या पेयासाठी पोलीस ओढ्याकाठी धाड घालतात. पण जिभेला आणि नाकाला कायद्याचं कलम कळत नाही. चव घेण्याची पद्धत दोन्हीकडे बऱ्यापैकी सारखीच आहे. ती आधी लाल वाइनवरून समजून घेऊ, म्हणजे मोहाकडे येणं सोपं जाईल.

‘फ्रेंच’ म्हणजे नेमकं काय?

बाटलीवर ‘कॅबर्ने सोव्हिन्यों’, ‘मर्लो’, ‘शिराझ’ अशी नावं दिसली की अनेकांना ते ब्रँड वाटतात. ती द्राक्षाच्या जातींची नावं आहेत. आपल्याकडे आंब्यात हापूस, पायरी, केशर असतं तसं. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो या जाती फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या. पिनो न्वार ही बर्गंडीची, गामे ही बोजोलेची. शिराझचं मूळ नाव सिरा, ती ऱ्होन नदीच्या खोऱ्यातली.

फ्रान्समध्ये मात्र बाटलीवर बहुतेक वेळा द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं किंवा भागाचं असतं. ‘बोर्दो’ म्हटलं की त्यात कॅबर्ने आणि मर्लोचं मिश्रण असणार, हे तिथल्या माणसाला माहीत असतं. आपण ‘रत्नागिरी’ म्हटलं की समोरचा हापूस समजतो, तसाच हा प्रकार.

महाराष्ट्रात हे सगळं आलं 1980 च्या दशकात. शामराव चौगुले यांनी नारायणगावला शातो इंदाज सुरू केली, तीही फ्रान्सच्या पिपर-हाइडसिक या शॅम्पेन कंपनीची तांत्रिक मदत घेऊन. तिथली फसफसणारी वाइन ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात गेली. पुढे ही कंपनी कर्जात बुडून बंद पडली, पण तोवर रस्ता तयार झाला होता. 1990 च्या दशकाच्या शेवटी राजीव सामंत यांनी नाशिकमध्ये सुला उभी केली. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं आणि नाशिक परिसरात वायनरी वाढत गेल्या.

वेल फ्रेंच असली तरी तिचं वेळापत्रक पूर्ण मराठी झालंय. फ्रान्समध्ये द्राक्षं उन्हाळाभर पिकून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खुडली जातात. आपल्याकडे त्या काळात पाऊस असतो. म्हणून इथे वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. फळ थंडीत वाढतं आणि साधारण जानेवारी ते मार्च या काळात उतरतं. म्हणजे घाटावर द्राक्षाची काढणी संपत येते, तेव्हा घाटाखाली मोहाला फुलं लागायला सुरुवात होते.

चव घ्यायची कशी?

वाइन टेस्टिंग म्हटलं की ग्लास गरागरा फिरवणारे लोक आठवतात. ते सगळं नाटक नसतं. थोडं असतं, पण सगळं नाही.

आधी बघायचं. पांढऱ्या कागदासमोर ग्लास थोडा तिरका धरायचा. लाल वाइनचा रंग द्राक्षाच्या सालीतून येतो, कारण ती सालीसकट आंबवली जाते. ताजी वाइन कडेला जांभळट दिसते, जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर उरतो तसा रंग. जुनी होत जाते तशी कड विटकरी होते. भारतीय लाल वाइन बहुतेक ताज्यातच प्यायच्या असतात. वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवलेली प्रत्येक बाटली चांगलीच होते, हा गैरसमज आहे.

मग वास. ग्लास एक तृतीयांशच भरायचा आणि हलकासा फिरवायचा. हवा मिसळली की वासाची द्रव्यं सुटतात, आणि वर निमुळता होत गेलेला ग्लास तो वास धरून ठेवतो. स्टीलच्या पेल्यातून वाइन पिता येतेच, पण तोंड रुंद असल्याने वास उडून जातो. आपण ज्याला ‘चव’ म्हणतो त्यातला मोठा भाग हा वासच असतो. सर्दीत जेवण बेचव लागतं ते यामुळेच.

इथे एक अडचण येते. पुस्तकं सांगतात की वास ब्लॅकबेरीचा, चेरीचा, ब्लॅककरंटचा येतो. ज्याने ब्लॅककरंट कधी खाल्लेलंच नाही त्याने काय करायचं? आपल्या रानातली फळं आठवायची. नाशिकच्या शिराझमध्ये पिकलेलं जांभूळ सापडतं, मागून काळी मिरी. कॅबर्नेमध्ये पिकलेलं करवंद आणि कधी कधी हिरव्या मिरचीच्या देठासारखा हिरवट वास. लाकडी पिंपात ठेवलेल्या वाइनला धुराचा किंवा लवंगेचा स्पर्श असतो. हे शब्द कुठल्या परीक्षेत लिहायचे नाहीत, त्यामुळे चुकायची भीती नाही. सर्का, ओला पुठ्ठा किंवा कुबट पोतं असा वास आला तर बाटली बिघडलेली आहे, एवढं मात्र ओळखता यायला हवं.

शेवटी घोट. लगेच गिळायचा नाही, तोंडभर फिरवायचा. आंबटपणा कळतो तो जिभेच्या कडांना पाणी सुटल्यावर. दारूचं प्रमाण कळतं घशातल्या ऊबेवरून. लाल वाइनमध्ये ते साधारण 12 ते 15 टक्के असतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे तुरटपणा, ज्याला इंग्रजीतून आलेला शब्द ‘टॅनिन’ असा आहे. हा शब्द वाइनच्या प्रत्येक लेखात येतो आणि बहुतेक ठिकाणी गूढ करून ठेवलेला असतो. प्रत्यक्षात शहापूरच्या शाळेतल्या कुठल्याही पोराला तो माहीत आहे. कच्चा पेरू, अर्धकच्चं जांभूळ किंवा हिरडा चघळल्यावर तोंड आखडतं, जीभ खरखरीत होते, ते टॅनिन. लाळेतल्या प्रथिनांना ते धरून ठेवतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. कोऱ्या चहात हेच असतं, आणि त्यात दूध घातलं की तुरटपणा कमी होतो.

दुधाचं हे उदाहरण लक्षात ठेवा. लाल वाइनसोबत काय खायचं, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

जाता जाता तापमानाबद्दल. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असं सांगतात, पण तो सल्ला युरोपातल्या गार दगडी घरांचा आहे. 16 ते 18 अंश सेल्सिअस हे त्याचं गणित. एप्रिलमधल्या मुरबाडच्या खोलीत ठेवलेली बाटली कोमट सरबतासारखी लागेल आणि दारूचा भपकाच पुढे येईल. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली तर काही बिघडत नाही, उलट सुधारतं.

मग ताटात काय असावं?

फ्रान्समध्ये लाल वाइनसोबत भाजलेलं मांस आणि चीज खातात, कारण टॅनिनला धरायला प्रथिनं आणि स्निग्धता मिळते. चहात दूध घातल्यासारखंच. आपल्याकडे मांस आहे, पण ते तिखट रश्श्यात असतं. अडचण मांसाची नाही, तिखटाची आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडात जी जळजळ करतं, ती दारूने आणखी भडकते. तुरट वाइन असेल तर तोंड आणखी कोरडं पडतं. म्हणून गावठी कोंबड्याच्या लालभडक रश्श्यासोबत महागडी कॅबर्ने उघडणं म्हणजे दोघांचंही नुकसान. तीच कोंबडी भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात, तिखट बेताचं ठेवून, थोडी सुकी केली तर शिराझसोबत छान जमते. शिराझमधली मिरी आणि वाटणातला गरम मसाला एकमेकांना ओळखतात.

या भागातला दुसरा चांगला उमेदवार म्हणजे वालाचं बिरडं. भात कापल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर इथे वाल घेतात. मोड काढून, सोलून केलेल्या बिरड्यात किंचित कडवटपणा असतो, गूळ-आमसुलाची चव असते आणि नारळाची स्निग्धता. हलक्या, कमी तुरट लाल वाइनसाठी, म्हणजे मर्लो किंवा फ्रान्सचीच असेल तर बोजोलेसाठी, यापेक्षा सोपं शाकाहारी ताट सापडणार नाही. सोबत तांदळाची किंवा नागलीची भाकरी.

शेवळं ही मात्र खरी कसोटी आहे. मे संपता संपता, पावसाच्या आधी, जंगलातल्या कंदातून तपकिरी-जांभळट कोंब वर येतात. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी बायका त्यांच्या जुड्या बांधून कल्याण-ठाण्याच्या बाजारात आणतात. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. जुडीसोबत हिरवी, आवळ्यासारखी दिसणारी काकडं द्यायला त्या विसरत नाहीत, कारण शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि नीट न केलेली भाजी घशाला खाजते. काकडाचा आंबट रस किंवा चिंच घालून ती खाज मारतात. सीकेपी घरांमध्ये यात सोडे किंवा कोलंबी घालून जी भाजी होते, तिची चव मटणाच्या खिम्याजवळ जाते, असं खाणारे शपथेवर सांगतात.

मातकट, मांसल, आंबट अशी ही भाजी कागदावर बर्गंडीच्या पिनो न्वारसाठीच बनल्यासारखी आहे. पण त्यात सोडे पडले की गणित बदलतं. लाल वाइन आणि मासळी एकत्र आली की काही वेळा तोंडात लोखंडी, विस्रट चव उरते. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी याचं कारण शोधलं. वाइनमधलं लोह आणि माशातली स्निग्ध आम्लं यांची प्रक्रिया होऊन तो वास तयार होतो. ज्या वाइनमध्ये लोह जास्त, तिथे त्रास जास्त. तेव्हा नुसतं नारळाच्या वाटणातलं शेवळं असेल तर हलकी लाल वाइन, आणि सोडे असतील तर रोझे किंवा पांढरी. कोवळी, कडक तुरट कॅबर्ने दोन्हीकडे टाळलेली बरी. भाजी आधीच घशाशी भांडायला तयार असते.

याच न्यायाने सुकट आणि सुके बोंबील लाल वाइनच्या वाट्याला जात नाहीत. पावसाळ्याची बेगमी म्हणून आठवडी बाजारातून आणलेली सुकट तव्यावर कांद्यासोबत परतली की घरभर वास सुटतो. त्या वासापुढे बोर्दोच्या कुठल्याही बाटलीचा निभाव लागणार नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे आणि शेतातले खेकडे मिळतात, त्यांचंही तेच. त्यांची सोबत वेगळी आहे.

मोह: फूल, वास आणि पहिली धार

मोह हा चिकूच्या कुळातला वृक्ष. शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडतात आणि फांद्यांच्या टोकांना गुच्छ लागतात. पिवळसर पांढरी, मांसल, रसाने भरलेली फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर येतात आणि पहाटे फुलांचा सडा पडतो. तो वेचायला बायका आणि मुलं उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली असतात. ऊन चढलं की फुलं मलूल होतात, गुरं आणि रानातली जनावरंही टपलेली असतात.

उन्हात वाळवली की ही फुलं मनुक्यासारखी तपकिरी होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणजे कच्चा माल म्हणून मोहाचं फूल द्राक्षापेक्षा कमी नाही. फरक पुढच्या पायरीत आहे. द्राक्षाचा रस आंबवला की वाइन झाली, काम संपलं. मोहाची फुलं पाण्यात काही दिवस आंबवल्यावर ते पाणी भट्टीवर चढवतात आणि वाफ थंड करून गाळतात. म्हणून मोहाच्या दारूची बरोबरी वाइनशी करणं तसं चूक आहे. तिचा फ्रेंच नातेवाईक कोन्याक म्हणता येईल. वाइन गाळून केलेली, कडक, फळाचा वास टिकवून ठेवलेली.

नीट गाळलेल्या मोहाच्या दारूला रंग नसतो. वासात मोहाच्या फुलाचा तो जड, कस्तुरीसारखा गोडवा येतो, मागून मनुका आणि चुलीचा धूर. जिभेवर गोडसर सुरुवात आणि मग ऊब. भट्टीतून आलेल्या दारूचं प्रमाण मात्र दर वेळी वेगळं असतं, कारण मोजायचं साधन नसतं.

इथेच ‘पहिल्या धारेची’ हा मराठीतला लाडका शब्दप्रयोग येतो. गाळताना सुरुवातीला जी धार पडते ती सर्वांत कडक, म्हणून तिची ऐट. पण कोन्याकच्या फ्रान्सपासून व्हिस्कीच्या स्कॉटलंडपर्यंत गाळणारे लोक ही सुरुवातीची धार बाजूला काढतात. ॲसिटाल्डिहाइडसारखी लवकर उकळणारी, डोकं चढवणारी द्रव्यं तिच्यात जास्त असतात. चवीने पिणारा माणूस मधल्या धारेची मागेल.

आणखी एक समजूत खोडून काढायला हवी. दारू विस्तवावर टाकली आणि भडका उडाला की ‘शुद्ध आहे’ असं म्हणतात. भडका फक्त एवढंच सांगतो की त्यात जळणारं काहीतरी आहे. मिथेनॉलही जळतं. आणि मिथेनॉल मारतं. जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने 100 हून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलमुळेच. अशा घटनांमध्ये विष फुलातून किंवा गुळातून आलेलं नसतं, कारखान्यासाठीचं मिथेनॉल स्वस्त पडतं म्हणून मिसळलेलं असतं. ते वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही, कितीही तयार नाक असलं तरी. त्रासही लगेच होत नाही. अनेकदा 12 ते 24 तासांनी पोटात दुखणं, उलट्या, धूसर दिसणं सुरू होतं. ‘उतरेल’ म्हणून वाट बघण्यात डोळे जातात, जीव जातो. थेट रुग्णालय गाठायचं आणि काय प्यायलं ते न लपवता सांगायचं.

दुसरं वास्तवही सांगायला हवं. आज ‘गावठी’ म्हणून जे विकलं जातं त्यात अनेकदा मोहाचं फूल नसतंच. काळा गूळ आणि नवसागर असतो. पोलिसांच्या बातम्यांमध्ये जे ‘गूळमिश्रित रसायन’ नष्ट केल्याचं वाचायला मिळतं, ते हेच. मोहाच्या चवीचं कौतुक वाचून कुणी रस्त्याकडेच्या प्लास्टिकच्या फुग्यातली दारू विकत घेतली, तर त्याने मोह चाखला असं होत नाही.

मोहासोबत काय?

लाल वाइनने नाकारलेल्या सगळ्या गोष्टी मोहाला चालतात. गाळलेल्या दारूत टॅनिन जवळपास नसतं, द्राक्षाच्या वाइनसारखा आंबटपणाही नसतो. त्यामुळे मासळीशी भांडण नाही. निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, परतलेली सुकट, चुलीत भाजलेला खेकडा, मीठ लावलेले उकडलेले हरभरे. खारट आणि धुरकट पदार्थ गोडसर वासाच्या कडक पेयाला उठाव देतात. तिखटाचा नियम मात्र इथेही लागू आहे, उलट जास्तच, कारण दारूचं प्रमाण वाइनच्या दुप्पट-तिप्पट असू शकतं. पोटात आधी भाकरी गेलेली असावी आणि पाण्याचा तांब्या शेजारी असावा, हे सांगायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही.

पण पाड्यावर मोहाची जागा ‘चखणा’ या शब्दात मावत नाही. देवाला, पूर्वजांना आधी धार वाहायची, मग माणसांनी घ्यायची, अशी रीत या भागातल्या आदिवासी समाजांमध्ये आहे. लग्नात आणि मरणानंतरच्या विधींमध्ये तिला स्थान आहे. त्याच वेळी व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरंही याच पाड्यांवर आहेत, आणि त्याची किंमत बायकांनी मोजली आहे. ‘आडवी बाटली’च्या मतदानासाठी महाराष्ट्रात गावोगावी उभ्या राहिल्या त्या बायकाच. त्यामुळे मोहाला नुसतं ‘वारसा’ म्हणून मखरात बसवणं जितकं सोयीचं, तितकंच अर्धवट.

एकाला परवाना, दुसऱ्याला गुन्हा

हा भेद आजचा नाही. 1878 मध्ये ब्रिटिश सरकारने मुंबई अबकारी कायदा आणला आणि गावोगावच्या भट्ट्या बंद करून मोठ्या, मक्तेदारी पद्धतीच्या दारू कारखान्यांना बळ दिलं. उरण हे अशा मोहाच्या दारूचं मोठं केंद्र होतं. म्हणजे दारू तीच, फूल तेच, फक्त महसूल सरकारला मिळायला हवा होता. तरी लोक घरी गाळत राहिले. मग 1892 च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा भागात थेट फुलांवरच निर्बंध आले. दुष्काळात भाकरीच्या जागी खाल्लं जाणारं फूल घरात ठेवणं संशयास्पद ठरलं. शहापूर आणि मुरबाड हे तेव्हाही ठाणे जिल्ह्यातच होते.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि मोहाच्या फुलांवरची बंधनं त्यातही राहिली. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासींचा मालकी हक्क मान्य केला, पण मोहाचं फूल अबकारीच्या जाळ्यात अडकलेलंच होतं. अखेर 2021 मध्ये राज्य सरकारने फुलं गोळा करणं, साठवणं आणि त्यांची वाहतूक यावरचे निर्बंध शिथिल केले. 2022 मध्ये मोहाची फुलं आणि काजूबोंडं यांपासून परवानाधारक कारखान्यात तयार होणाऱ्या दारूला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी मद्या’च्या वर्गात घेण्याचा निर्णय झाला. शहापूरच्या रानातलं फूल बाटलीत गेल्यावर विदेशी ठरतं, यावर हसायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

घरी गाळणं महाराष्ट्रात आजही गुन्हा आहे. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात आदिवासींना घरगुती वापरापुरती, ठरावीक प्रमाणात मुभा आहे. मध्य प्रदेशने तर 2022 मध्ये मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा देऊन आदिवासी बचतगटांकडून उत्पादन सुरू केलं. महाराष्ट्रात बाटलीबंद मोह आणला तो खासगी कारखान्यांनी. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीजने 2024 मध्ये ‘सिक्स ब्रदर्स’ नावाने तो बाजारात उतरवला, किंमत अर्थातच महागड्या व्हिस्कीच्या रांगेतली. पहाटे फुलं वेचणाऱ्या बाईपर्यंत त्यातलं किती पोहोचतं, हा प्रश्न बाटलीच्या लेबलवर नसतो. रानातल्या मालाला चांगली बाजारपेठ मिळू शकते हे शहापूरने गुळवेलीच्या बाबतीत दाखवलंय. इथल्या कातकरी तरुणांच्या वनधन केंद्राने मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांना गुळवेल विकली. मोहाच्या बाबतीत तशी साखळी इथे उभी राहिलेली नाही.

वाइनलाही महाराष्ट्रात सगळं सोपं आहे असं नाही. 27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि तो अंमलात आला नाही. बिअर-वाइनसाठी वयाची अट 21 वर्षं, कडक मद्यासाठी 25. आणि कागदोपत्री पिणाऱ्याकडे परमिट लागतं, एक दिवसाचं, वर्षाचं किंवा आजीवन. लाल वाइन हृदयाला चांगली, हे वाक्य अजून व्हॉट्सॲपवर फिरत असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. वाइनही त्यात आली.

न पिणाऱ्यांसाठी

मोह चाखायला दारू लागतेच असं नाही. ताजं फूल हातात घेऊन आतले केसर काढून टाकायचे, ते कडवट लागतात. उरलेल्या पाकळीचा गर चावला की आधी गोड रस, मग तो जड वास नाकात चढतो. एकदम खूप खाल्ली तर गरगरल्यासारखं होतं, असं रानात फिरणारी मुलं सांगतील. वाळलेली फुलं मंद आचेवर भाजून तिळासोबत कुटली की लाडू होतात, आणि आता बचतगटांच्या प्रदर्शनात असे मोहाचे लाडू मिळू लागलेत. पीठ मळताना भिजवलेली फुलं घालून केलेली भाकरी जुन्या लोकांना आठवते ती टंचाईच्या वर्षांमुळे, आवडीमुळे नाही. मोहाचा बहर साधारण मार्च-एप्रिलमध्ये ओसरतो. जूनच्या तोंडावर त्याच झाडाला फळं धरलेली असतात, त्यातल्या बियांचं तेल काढतात, आणि खाली जमिनीतून शेवळाचे कोंब वर यायला लागतात.